पडीक रानातून भरलेले कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्राच्या खेड्यांत विरळा. पंधराव्या शतकातील घोर दुष्काळात दामाजीपंतांनी बीदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्या रयतेसाठी खुली केली. आणि त्यांच्यावर आलेले संकट टाळण्याकरिता प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन त्या धान्याची रक्कम बीदरच्या दरबारी भरली, असे परंपरा सांगते. कीर्तनात ही कथा ऐकताना आजही श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. परंतु कथेतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्वारी पिकविली होती ती रयतेने. कोठार मात्र बादशहाचे होते. ते उघडले गेले ते एका अधिकाऱ्याच्या अंतःकरणात दया होती म्हणून. असा अधिकारी ज्या गावास लाभला नाही, त्या गावाचे काय झाले असेल, हे कथा सांगत नाही.

ज्या बीदरचे नाव या कथेत येते, त्या बीदरपासून थोड्याच अंतरावर, पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावर जहिराबाद नावाचे गाव आहे. हा मुलूख पूर्वी आंध्र प्रदेशाच्या मेदक जिल्ह्यात होता. आता तो तेलंगणाच्या संगारेड्डी जिल्ह्यात मोडतो. १९५६ सालापर्यंत हा भाग आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात नांदत होते. पीकही तेच, ज्वारी आणि तूर, भाकरीही तीच. या परिसरातील खेड्यांत १९९५ सालापासून दलित आणि अल्पभूधारक स्त्रियांनी एक निराळे धान्यकोठार उभे केले. त्याची किल्ली भुकेल्यांच्याच हाती होती. ते कोठार कसे भरले, त्यातील धान्य कोणास मिळाले आणि ते टिकले कशामुळे, हे प्रत्येक कोरडवाहू गावाने समजून घेण्यासारखे आहे.

आषाढातील रिकामी कणगी

कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरी वर्षाचे सर्व महिने सारखे नसतात. फाल्गुन-चैत्रात खळ्यावरून रास घरी येते तेव्हा कणगी भरलेली असते. देणेकऱ्यांचे देणे फिटते, लग्नकार्ये उरकतात, आणि ज्येष्ठाच्या अखेरीस कणगीचा तळ दिसू लागतो. आषाढ ते भाद्रपद हे तीन महिने सर्वांत कठीण. शेतात काम असते तेव्हा मजुरी मिळते. पावसाची झड लागली अथवा पावसाने ताण दिला की मजुरी थांबते. याच दिवसांत बी-बियाणे, शाळेची वह्या-पुस्तके आणि पावसाळ्यातील दुखणी यांचा खर्च एकदम अंगावर येतो.

अशा वेळी घरची स्त्री ज्यांच्याकडे धान्य शिल्लक आहे त्यांच्या दारी जाते. वाढीदिढीचा हा व्यवहार नवा नाही. सवाईने घेतलेले एक क्विंटल धान्य सुगीला सव्वा क्विंटल होऊन परत द्यावे लागते. दिढीने घेतलेले दीड क्विंटल होते. सुगीपर्यंतच्या अवधीत निम्मी वाढ! धान्य परत देण्याची ऐपत नसेल तर ऐन सुगीत धन्याच्या रानात राबण्याचा शब्द द्यावा लागतो. मग स्वतःच्या एक-दोन एकर तुकड्याची पेरणी उशिरा होते, खुरपणी राहून जाते, पीक कमी येते आणि पुढील आषाढात कणगी आणखी लवकर रिकामी होते. तीन महिन्यांची भूक ही अशी बारा महिन्यांची परवशता होऊन बसते.

स्वस्त धान्य दुकान आहे ना, असा प्रश्न येथे कोणी करील. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जात आहे. गरिबाच्या घराला हा फार मोठा आधार आहे, यात शंका नाही. तथापि हिशेब करून पाहावा. अंगमेहनतीची कामे करणाऱ्या पाच माणसांच्या घरात दिवसाला सुमारे पावणेदोन किलो धान्य लागते असे धरले, तर महिन्याची गरज ५२ किलोंच्या घरात जाते. प्राधान्य शिधापत्रिकेवर २५ किलो मिळाले तरी २७ किलोंची तूट राहते. मजुरी असेल त्या महिन्यात ही तूट बाजारातून भरून निघते. मजुरी नसलेल्या तीन महिन्यांची तूट मात्र ८० किलोंच्या आसपास होते. वाढीदिढीच्या दारात गरीब कुटुंबास नेतात ते हेच ८० किलो.

जमीन असून उपाशी

जहिराबाद परिसरातील अनेक दलित कुटुंबांची स्थिती अशीच होती. कमाल जमीन धारणेच्या कायद्यांमुळे आणि सरकारी वाटपामुळे त्यांच्या नावे एक-दोन एकर जमीन झालेली होती; परंतु ती बहुधा हलकी, मुरमाड आणि गावापासून दूरची. नांगरायला बैल नाहीत, शेणखताला गुरे नाहीत, बियाणाला पैसा नाही. म्हणून जमीन पडीक राहिली आणि मालक दुसऱ्याच्या रानात मजुरीस गेला.

त्यात आणखी एक कारण मिळाले. आंध्र प्रदेशात १९८३ साली दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. भुकेल्या घरांना तिने आधार दिला. मात्र कोरडवाहू मुलखात तिचा एक परिणाम असा झाला, की दुरून आलेला तांदूळ स्वस्तात मिळत असताना हलक्या रानात घाम गाळून ज्वारी पिकविण्याचे कारण उरले नाही. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला. कडबा गेला म्हणून गुरे विकली गेली, गुरे गेली म्हणून शेणखत संपले आणि खत संपले म्हणून उरलेली जमीनही निकस झाली. ताटातील भाकरीच्या जागी पांढरा भात आला. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तर सडलेल्या तांदळात सुमारे ७. लोह आणि तंतू यांतही ज्वारी पुष्कळ सरस. थोडक्यात, पोट भरण्याची सोय झाली. परंतु रान, गोठा आणि अंगातील बळ ही तिन्ही क्षीण झाली.

या भागात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करीत होती. तिच्या आधाराने खेडोपाडी गरीब स्त्रियांचे ‘संघम’ उभे राहिले होते. या संघमांतून जो विचार पुढे आला तो साधा होता. धान्य दुरून आणून वाटण्यापेक्षा, तेवढेच साहाय्य पडीक जमीन उठविण्यास मिळाले, तर धान्य गावातच पिकेल, गावातच साठेल आणि गावातच वाटले जाईल.

कर्ज पैशाचे, फेड ज्वारीची

केंद्र शासनाच्या ग्रामविकास खात्याच्या साहाय्याने १९९५ साली या कामास आरंभ झाला. तीसहून अधिक गावांत अडीच हजारांहून जास्त एकर पडीक व अर्धपडीक जमीन त्यातून लागवडीखाली आली. कामाची रीत पुढीलप्रमाणे होती.

ज्या कुटुंबाची जमीन पडीक आहे त्याने ती या कार्यक्रमात नोंदवावयाची. नांगरट, शेणखत, पेरणी, खुरपणी अशा एकेका कामाच्या वेळी त्यास एकरी ठरलेले कर्ज हप्त्याहप्त्याने मिळे. एक काम झाल्याचे पाहिल्याखेरीज पुढचा हप्ता नाही. ही पाहणी करणारा कोणी बाहेरचा निरीक्षक नव्हता. प्रत्येक गावात संघमच्या स्त्रियांची समिती होती आणि समितीतील एकेका स्त्रीकडे ठराविक एकरांची देखरेख सोपविलेली होती. कोणाच्या रानात कुळवणी झाली, कोणाची खुरपणी मागे पडली, हे तिला शेजारधर्मानेच ठाऊक असे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा स्त्रियांनी ही देखरेख केली, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये.

कर्ज पैशात मिळाले, फेड मात्र ज्वारीत करावयाची होती आणि तीही एकदम नव्हे, तर पाच वर्षांत विभागून. बाजारात भाव पडला म्हणून शेतकऱ्यास अधिक धान्य विकावे लागत नव्हते आणि पहिल्याच वर्षी सर्व रास उचलली जात नव्हती. उरलेले धान्य त्याच्या घरी, कडबा त्याच्या गोठ्यात. फेडीची ज्वारी गावातच साठविली जाई. कणग्या शेणामातीने लिंपून, निंबाचा पाला घालून धान्य राखण्याची जी विद्या घरोघरच्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती, तीच येथे कामास आली.

पावसाळ्यात ही ज्वारी गावातील गरजू कुटुंबांना बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने दिली जाई. त्यातून येणारी रक्कम ‘सामुदायिक धान्य निधी’ म्हणून बँकेत जमा होई आणि पुढे आणखी पडीक जमीन उठविण्यास वापरली जाई. अशा रीतीने रानाने कोठार भरले, कोठाराने घर जगविले आणि घराने दिलेल्या पैशातून पुन्हा रान उठले.

गरजू कोण, हे ठरविले गावाने

कोणत्याही धान्यवाटपातील सर्वांत नाजूक प्रश्न, धान्य कोणास द्यावयाचे, हा असतो. यादी कचेरीत झाली तर ओळखीचा मनुष्य आत आणि खरा गरजू बाहेर, असे घडू शकते. सर्वांना सारखे वाटावे तर ज्यास नको त्यासही मिळते आणि ज्यास अधिक हवे त्यास अपुरे पडते.

जहिराबादच्या खेड्यांत हा प्रश्न चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत सोडविला गेला. जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढावयाचा, प्रत्येक घर दाखवावयाचे आणि घरापुढे त्याच्या परिस्थितीप्रमाणे खूण ठेवावयाची. सधन घरापासून अत्यंत गरीब घरापर्यंत पाच पायऱ्या ठरविलेल्या होत्या. जमीन किती, पाण्याची सोय आहे काय, कमावते हात किती, घरात म्हातारी माणसे अथवा एकट्या राहिलेल्या स्त्रिया आहेत काय, ही गमके गावकऱ्यांनीच निवडली. जे घर अधिक गरीब त्याचा वाटा अधिक. सर्व निर्णय सर्वांच्या देखत झाल्यामुळे, ज्यास धान्य मिळाले त्यास कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही आणि ज्यास मिळाले नाही त्यासही कारण माहीत होते.

या कार्याची दखल पुढे दूरवर घेतली गेली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक २०१९ साली या संस्थेस मिळाले. परंतु गावकऱ्यांच्या दृष्टीने खरा लाभ निराळाच होता. आषाढात धान्य मागण्यासाठी धन्याच्या दारी जाणाऱ्या स्त्रीला आता संघमच्या कोठाराकडे जाता येत होते आणि तेथे ती भागीदार होती.

आपल्या गावाने हिशेब कसा मांडावा

सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रब्बी ज्वारीच्या गावांना ही रीत आपल्या बेताने अंगीकारता येईल. त्यासाठी प्रथम कागदावर हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गावाने आपले आकडे घालून पाहावेत.

गावात तूट असलेली ४० कुटुंबे आहेत असे धरू. प्रत्येकी ८० किलो म्हणजे एकूण ३२ क्विंटल ज्वारी कोठारात हवी. हलक्या-मध्यम जमिनीत साधारण पावसाच्या वर्षी एकरी ३ क्विंटल ज्वारी येते असे मानले, तर ही सर्व ज्वारी सुमारे ११ एकरांतच पिकते. अर्थात शेतकऱ्याने सर्व रास कोठारास द्यावी असे कोणी म्हणणार नाही. एकरी १ क्विंटल कोठारास आणि उरलेले घरास, असा नियम केला, तर ३२ एकर जमीन पुरते. गावाच्या शिवारात अशी ३२ एकर पडीक जमीन आहे काय, असा प्रश्न ग्रामसभेत विचारावा. पुष्कळ गावांत उत्तर ‘आहे’ असेच येईल.

दुसरा हिशेब परतफेडीचा. पैसे घेऊन धान्य देण्याऐवजी धान्यास धान्य हा व्यवहार ठेवावयाचा असेल, तर ८० किलो नेणाऱ्याने सुगीला ८८ किलो परत करावे, म्हणजे शेकडा १० वाढ द्यावी. दिढीने त्यास १२० किलो द्यावे लागले असते; म्हणजे घरात ३२ किलो ज्वारी वाचली. चाळीस कुटुंबांच्या वाढीचे कोठारात ३२० किलो जमतात. यातील निम्मे कीड, घट आणि वाईट वर्ष यांसाठी राखून ठेवावे. उरलेल्या १६० किलोंतून ज्यांना परतफेड करणे मुळीच शक्य नाही अशा दोन निराधार घरांना त्यांचा वाटा परतीच्या अटीशिवाय देता येतो. वृद्ध, अपंग अथवा एकाकी माणसास कर्जदार करून ठेवणे योग्य नव्हे. त्याची सोय वाढीच्या धान्यातून व्हावी.

पडीक रान लागवडीस आणताना

पडीक जमिनीत हरळी आणि कुंदा माजलेला असतो. यास्तव उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचून जाळाव्यात आणि उताराला आडवे बांध घालावेत. एकरी सुमारे २ टन चांगले कुजलेले शेणखत पावसाळ्यापूर्वी पसरावे. पावसाळ्याच्या मध्यास लहान बंदिस्त वाफे केल्यास पाणी जागच्या जागी मुरते आणि रब्बीस ओल पुरते.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. हलक्या जमिनीत ती आधी उरकावी. एकरी ४ किलो बियाणे पुरते. काणी रोग टाळण्यासाठी १ किलो बियाणास ३०० मेश गंधकाची भुकटी ४ ग्रॅम या प्रमाणात चोळावी. हलक्या जमिनीस फुले अनुराधा अथवा फुले माऊली, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा अथवा मालदांडी ३५-१ आणि भारी जमिनीस फुले वसुधा हे वाण योग्य आहेत. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यांत कोळपणी केल्याने तण मरते, जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. कोळपणी चुकली तर कोरडवाहू ज्वारीचे अर्धे बळ जाते, हे समितीने ध्यानी ठेवून हप्त्याची वेळ त्याप्रमाणे ठरवावी.

पहिल्या वर्षी उत्पन्न बेताचेच येईल. एकरी २ क्विंटल पिकले तर त्यातून लगेच १ क्विंटल मागू नये. पहिल्या वर्षीची फेड हलकी आणि पुढील वर्षांची थोडी अधिक ठेवावी. जहिराबादेत फेड पाच वर्षांत विभागण्याचे मर्म हेच होते.

कोठाराची राखण

कोठारासाठी मोठी इमारत बांधण्याची गरज नाही. ३२ क्विंटल म्हणजे ५० किलोंची ६४ पोती. दहा फूट बाय बारा फुटांची कोरडी, पक्क्या जमिनीची आणि गळकी नसलेली एक खोली पुरेशी आहे. धान्य राखताना पुढील काळजी घ्यावी.

१. ज्वारी उन्हात चांगली वाळवावी. दाण्यातील ओलावा शेकडा १२ पेक्षा अधिक नसावा. दाणा दाताखाली धरला असता ‘कट्ट’ असा आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन द्यावे.

२. वाळविलेले धान्य गरम असतानाच पोत्यात भरू नये. निवल्यावर भरावे.

३. जुनी पोती उलटी करून झाडावीत आणि कडक उन्हात टाकावीत. सोंड्या आणि भुंगेरे यांची अंडी बहुधा जुन्या पोत्यांतून येतात.

४. पोती जमिनीवर अथवा भिंतीला लावून रचू नयेत. खाली लाकडी फळ्या घालाव्यात आणि भिंतीपासून दीड फूट जागा सोडावी.

५. उंदरांची बिळे काच आणि सिमेंट घालून बुजवावीत. दाराच्या खालच्या कडेस पत्रा मारावा.

६. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक थरातील एका पोत्यात हात घालून पाहावे. धान्य गरम लागले अथवा पीठ दिसले, तर ते पोते त्वरित बाजूस काढून उन्हात पसरावे.

७. धुरीची विषारी औषधे गावकऱ्यांनी स्वतः वापरू नयेत. माणसांच्या वस्तीला लागून असलेल्या खोलीत त्यांपासून प्राणहानी होऊ शकते. गरज पडल्यास प्रशिक्षित व्यक्तीस बोलवावे.

कोठारास दोन कुलुपे असावीत आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या घरांतील स्त्रियांकडे असाव्यात. धान्य आले किती, गेले किती, शिल्लक किती, हे कोठाराच्या बाहेरील भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दर अमावास्येस सर्वांसमोर तो हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा. माप घेताना वजनकाटा सर्वांना दिसेल असा ठेवावा. देताना एक माप आणि घेताना दुसरे, असा संशय एकदा आला की कोठार मोडले असे समजावे.

कोठार कोठे बुडते

धान्याच्या पेढीची कल्पना आपल्या देशात नवी नाही. केंद्र शासनाने १९९६-९७ साली ग्राम धान्य पेढी योजना सुरू केली होती. २००४ साली ती अन्न व सार्वजनिक वितरण खात्याकडे गेली. सुमारे ४० कुटुंबांची एक पेढी आणि प्रत्येक कुटुंबास एक क्विंटलपर्यंत धान्य उसने, असे तिचे स्वरूप होते. हेतू उत्तम होता. परंतु ज्या पेढीचे धान्य एकदाच बाहेरून येते, तिच्यापुढे एक संकट कायमचे असते. एका वर्षी पाऊस गेला, परतफेड झाली नाही, की कोठार रिकामे होते; आणि रिकामे कोठार पुन्हा भरण्याचा मार्ग गावापाशी नसतो. शिवाय जे धान्य सरकारचे म्हणून आले ते परत कशास करावयाचे, असेही काहींच्या मनात येते.

जहिराबादच्या कोठारामागे रान उभे होते. म्हणून धान्य वाटले तरी ते पुन्हा भरण्याची सोय गावापाशीच होती. प्रत्येक पोत्यामागे कोणाचे तरी श्रम होते आणि ते कोणाचे, हे गावास ठाऊक होते. शेजारणीच्या घामाची ज्वारी बुडविणे तितके सोपे नसते.

तरीही अवर्षण येणारच. त्या वर्षी काय करावयाचे याचा नियम आधीच, चांगल्या वर्षी, करून ठेवावा. पीक अर्ध्याहून कमी आले तर त्या वर्षीची फेड पुढे ढकलावी, परंतु वहीतून पुसू नये. ज्यांचे पीक बरे आले त्यांनी ठरल्याप्रमाणे द्यावे. राखीव धान्यातून आधी लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध असलेल्या घरांचा वाटा काढावा. असा नियम लिहून ठेवलेला नसेल, तर दुष्काळात ज्याचा आवाज मोठा त्याचे पोते आधी भरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. कोठाराचे चालक आपण होऊ नये. कार्यकर्त्याची आज ना उद्या बदली होते. गाव मात्र तेथेच राहते. माती तपासून देणे, चांगले बियाणे मिळवून देणे, साठवणीची रीत प्रत्यक्ष करून दाखविणे आणि पहिली वही आखून देणे, एवढे त्यांचे काम. यादी कोणाची व्हावी, किल्ली कोणाकडे असावी, वाढ किती घ्यावी, हे ग्रामसभेत स्त्रियांनी ठरवावे; कारण कणगीचा तळ प्रथम दिसतो तो त्यांनाच.

यंदाच्या फाल्गुनात खळ्यावर रास पडेल तेव्हा एका पोत्याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. एकट्याच्या घरी ठेवलेले एक पोते एका घराचा महिना-दीड महिना काढते. चाळीस घरांनी मिळून राखलेले कोठार, पाठीशी रान असेल तर, दर आषाढात कामास येते. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याची ज्वारी आजही नावाजलेली आहे. ज्या मातीत ती पिकते, त्याच मातीतील गावांनी आपल्या कोठाराची किल्ली आपल्या हाती घेतली, तर पुढच्या दुष्काळात भुकेल्याला कोणाच्या दयेची वाट पाहावी लागणार नाही.